काँटेसात 13बी टर्बो रोटरी बसवायचं आहे : पैसा कुठे वाचवावा, कुठे नाही?

गोदाकाठ_15 (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हिंदुस्तान काँटेसा, 1.8 पेट्रोल, मूळ इंजिन उतरवलेलं. त्यात माझदा आरएक्स-7 एफसी टर्बोचं 13बी इंजिन (पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरणारं रोटरी) बसवायचा विचार आहे, सिरीज 4, म्हणजे 1986 ते 1988 मधलं. इंजिन मुंबईत एका विक्रेत्याकडे आहे. टर्बो नाही, बाकी "सगळं आहे" असं तो सांगतो. फॅब्रिकेशन नाशिकच्या अंबडमध्ये होईल. फ्लायव्हीलला 200 ते 220 हॉर्सपॉवर पुरे, पण ट्रॅकवर वीस मिनिटं सलग पळाली पाहिजे. बजेट तंग आहे.

इंजिन घेण्याआधी नेमकं काय तपासायचं? टर्बो म्हणून इथे ढिगाने मिळणारा डिझेल एसयूव्हीचा चालेल का? ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) कोणता घ्यावा? आणि नाशिकचा एप्रिल-मे आणि पंपावरचं ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) या दोन्हींत हे टिकेल का?

---

संपादक_मंडळ

चर्चा सुरू होण्याआधी एवढंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. म्हणजे ही गाडी ट्रेलरवरून ट्रॅकला जाणार आणि ट्रेलरवरूनच परत येणार. "कसारा घाटात एक चक्कर मारून ट्यून करू" छापाचे प्रतिसाद उडवले जातील. विक्रेत्याकडून बिल आणि आयातीची कागदपत्रं घ्या. इंजिन नंबरचा फोटो काढून ठेवा.

---

ट्रोकॉइड

आधी कॉम्प्रेशन, मग व्यवहार. आणि ते पिस्टन इंजिनसारखं मोजायचं नाही.

साध्या गेजच्या टोकाला एकतर्फी व्हॉल्व असतो. तो असला की सुई रोटरच्या तीन बाजूंच्या तीन कप्प्यांपैकी सगळ्यात चांगल्या कप्प्याचा आकडा धरून बसते आणि बाकी दोन मेलेले असले तरी कळत नाही. तो व्हॉल्व काढा. एका रोटरचा एक प्लग काढून तिथे गेज लावा. दुसऱ्या रोटरचे दोन्ही प्लग काढून ठेवा म्हणजे स्टार्टरवर भार येणार नाही. इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. आता स्टार्टर मारला की सुई सतत उड्या मारेल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि सलग तीन-तीन उड्या वाचा. तिन्ही सारख्या हव्यात.

आकडे असे : 250 आरपीएमला 100 पीएसआयच्या वर असेल तर तब्येत चांगली. 85 च्या खाली असेल तर ते रिबिल्डचं इंजिन आहे, त्याच भावात मागा. एकाच रोटरच्या कप्प्यांमधला फरक 21 पीएसआयपेक्षा जास्त नको, दोन रोटरांमधला 14 पेक्षा जास्त नको. एक उडी खूप कमी आणि दोन चांगल्या असतील तर एक साइड सील (रोटरच्या बाजूवरचा) किंवा कॉर्नर सील (कोपऱ्यातला) अडकलेला असू शकतो. शेजारच्या दोन उड्या पडल्या असतील तर त्यांच्या मधला अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेला, कारण तो सील दोन्ही कप्प्यांना सामाईक असतो. सगळ्याच उड्या सारख्या पण कमी असतील तर आधी स्टार्टरचा वेग बघा. 180 ने फिरणारा स्टार्टर चांगल्या इंजिनालाही बदनाम करतो.

मुंबईत 100 दाखवणारं इंजिन नाशिकला 93 च्या आसपास दाखवेल. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर वर आहोत, इथला हवेचा दाब 94 किलोपास्कल धरा. गाडीत बसवल्यावर परत मोजलं आणि आकडा उतरलेला दिसला तर विक्रेत्याशी भांडण्याआधी हा हिशेब करा.

---

अंबड_लेथ

वरच्या प्रतिसादाला जोडून : इंजिन जमिनीवर पडलेलं असेल तर स्टार्टर लावायला बेलहाउसिंग लागतं. म्हणून गिअरबॉक्ससकट सौदा करा. हा सल्ला फक्त टेस्टसाठी नाही. टर्बो एफसीचा गिअरबॉक्स बिनटर्बोवाल्यापेक्षा बराच मजबूत आहे, आणि तो सोबत आला की ॲडॅप्टर प्लेटचा अख्खा खर्च वाचतो. काँटेसाच्या गिअरबॉक्सला 13बी जोडायची हौस असेल तर बेलहाउसिंगचं बोअर आणि शाफ्टचं केंद्र 0.13 मिमीच्या आत जुळवावं लागतं, डायल गेज लावून. ते चुकलं की इनपुट बेअरिंग आणि क्लच दोन्ही खातात.

"सगळं आहे" म्हणजे काय ते एकेक करून बघा : गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, क्रँक अँगल सेन्सर, ऑइल मीटरिंग पंप, थ्रॉटल बॉडी, दोन्ही मॅनिफोल्ड, चारही इंजेक्टर, कॉइल, स्टार्टर, आणि वायरिंगचे निदान कनेक्टर तरी. यातली एकेक गोष्ट नंतर वेगळी मागवायला गेलात तर बजेट तिथेच संपतं.

फ्लायव्हीलबद्दल सावध. मॅन्युअलच्या मूळ फ्लायव्हीलमध्येच मागचं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) ओतलेलं असतं. सिरीज 4, सिरीज 5 (नंतरची एफसी) आणि त्यापुढच्या एफडी आरएक्स-7 च्या रोटरांचं वजन वेगळं, त्यामुळे काउंटरवेटही वेगळं. रोटर एका सिरीजचे, फ्लायव्हील दुसऱ्याचं आणि पुढचं वेट तिसऱ्याचं अशी खिचडी विकली जाते. 5000 च्या पुढे ती हादरायला लागते आणि माणसं माउंट बदलत बसतात. फ्लायव्हीलचा नट 54 मिमीचा, घट्ट करायचा टॉर्क 390 ते 490 न्यूटन-मीटर. साध्या पाईप-पान्याने अंदाजाने आवळू नका.

क्लच पुल टाइप निघाला तर बेअरिंग प्रेशर प्लेटला अडकलेलं असतं. गिअरबॉक्स ओढण्याआधी ते सोडवा, नाहीतर काटा वाकतो.

---

गोदाकाठ_15

धन्यवाद दोघांना. माउंट आणि प्रोपेलर शाफ्टचं काय? आणि कॉम्प्रेशन 85 च्या खाली निघालं तर रिबिल्ड इथे होईल का? अंबड-सातपूरला ग्राइंडिंगची कमी नाही.

---

अंबड_लेथ

माउंटला 6 मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट पुरते. रबर मात्र बाजारात सहज मिळेल असंच निवडा, पुढेमागे बदलावं लागणारच. आधी इंजिन आणि गिअरबॉक्स जॅकवर जागेवर धरा, बॉनेट बंद होतंय ते बघा, सम्प आणि क्रॉसमेंबर यांत बोटभर जागा ठेवा, आणि मगच टॅक मारा. कॉइल-ओव्हर, इंटरकूलर असल्या गोष्टी नंतर. इंजिन छोटं आहे, म्हणून ते मागे फायरवॉलपर्यंत सरकवायचा मोह होतो. सरकवा, वजनाला चांगलंच आहे. पण टर्बोचा गरम भाग आणि ब्रेक-क्लचच्या नळ्या यांत 75 मिमी तरी जागा आणि मध्ये पत्र्याची ढाल हवी.

प्रोपेलर शाफ्ट : पुढचं योक माझदाचं, मागचा फ्लँज काँटेसाचा, मध्ये नवी नळी. चौथ्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. 7000 आरपीएमला 3 इंची नळी एकसंध ठेवायची तर लांबी 1.25 मीटरच्या आत ठेवा. जास्त होत असेल तर दोन तुकडे आणि मध्ये सेंटर बेअरिंग. गिअरबॉक्सचा उतार आणि मागच्या पिनियनचा उतार समांतर हवेत, फरक अर्ध्या ते एक अंशापर्यंत. जॉइंटचा कोन 3 अंशांपुढे नको. शेवटी डायनॅमिक बॅलन्सिंग.

ग्राइंडिंगचं उत्तर ट्रोकॉइड देतील. माझं एवढंच की रोटर हाउसिंग आमच्या टेबलावर आणू नका.

---

ट्रोकॉइड

बरोबर. रिबोअर, होनिंग, स्लीव्ह हे शब्दच इथे विसरा. रोटर हाउसिंगचा आतला आकार गोल नाही आणि त्यावर क्रोम आहे. क्रोम उडालं की हाउसिंग बाद. प्लगच्या भोकांभोवती आणि कडेला बोट फिरवा, नख अडकलं तर पापुद्रा सुटलाय. बाजूच्या ओतीव प्लेट नायट्राइड केलेल्या असतात. सरफेस ग्राइंडिंगने त्या सपाट होतील पण कडक थर जाईल. ग्राइंड करायच्याच असतील तर पुन्हा नायट्राइडिंग धरून हिशेब करा.

रिबिल्डमध्ये इथे होणारी कामं : सफाई, मोजमाप, जोडणी. सील आणि वॉटर ओ-रिंग बाहेरून येणार. मोजायचं ते असं. अपेक्स सील आणि त्याची खाच यांत 0.05 ते 0.10 मिमी, 0.15 च्या पुढे रोटरची खाच घासली आहे. साइड सील आणि कॉर्नर सील यांत 0.05 ते 0.15, कमाल 0.40. साइड सील हाताने घासून बसवतात, दगडावर, एकेक. कंटाळून जास्त घासला की कॉम्प्रेशन तिथून गळतं. टेन्शन बोल्ट 32 ते 39 न्यूटन-मीटर, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या क्रमाने. एक्सेंट्रिक शाफ्टचा (रोटरीतला क्रँकशाफ्ट) एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे खेळ, 0.04 ते 0.07 मिमी, 0.09 च्या पुढे स्पेसर बदला.

एंड प्लेवरून मोठा सापळा सांगतो. पुढचा पुलीचा बोल्ट सोडला आणि शाफ्ट जरा मागे सरकला की आतली थ्रस्ट बेअरिंगची चकती जागेवरून खाली उतरते. ती तशीच चिमटली आणि बोल्ट आवळला तर एंड प्ले शून्य होतो आणि इंजिन स्वतःलाच खातं. हे इंजिन चांगलं असताना, नुसतं पुढचं ऑइल सील बदलताना होतं. शाफ्ट पुढे दाबून धरल्याशिवाय तो बोल्ट सोडायचा नाही, आणि आवळल्यावर डायल गेजने एंड प्ले परत मोजायचा.

इंजिन उघडलंच आहे तर शाफ्टच्या पुढच्या टोकातला थर्मल पेलेट काढून त्या जागी भरीव तुकडा बसवा. पेलेट बिघडला की रोटरांना तेलाचा फवारा कमी मिळतो.

---

टर्बाइन_ओझर

आता डिझेल टर्बो. मोह कळतो, पण नको.

रोटरी 1308 सीसी म्हणतात, पण एक्सेंट्रिक शाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोन्ही रोटर एकेकदा पेटतात. हवा ओढण्याच्या हिशेबाने ते 2.6 लिटरचं चार स्ट्रोक इंजिन झालं, तेही 7000 ला फिरणारं. नाशिकचा दाब, 35 अंश तापमान आणि 0.6 बार बूस्ट (टर्बोचा जादा दाब) धरला तर मिनिटाला सुमारे 13 किलो हवा लागते. अडीच लिटरचं डिझेल 4000 च्या आतच थांबतं, त्याला एवढी हवा लागतच नाही. कॉम्प्रेसर कसाबसा पुरला तरी टर्बाइनचं हाउसिंग चिमटं पडतं आणि एक्झॉस्टचा दाब मागे साठतो. तो दाब रोटरीत थेट उष्णता आणि नॉकच्या (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटण्याच्या) रूपाने बाहेर येतो.

दुसरं म्हणजे तापमान. त्या डिझेलचा एक्झॉस्ट साधारण 750 अंशांच्या हिशेबाने बनवलेला असतो, रोटरीचा 900 च्या पुढे सहज जातो. व्हेरिएबल व्हेनवाला टर्बो असेल तर पाती अडकतील. साधा वेस्टगेटवाला (जादा एक्झॉस्ट बाजूला सोडणारी झडप असलेला) असेल तर हाउसिंगला तडा जाईल किंवा टर्बाइनच्या पात्यांची टोकं झिजतील.

मूळचा हिताची एचटी18 शोधा, दुरुस्तीला आलेला असला तरी. शाफ्टचा खेळ तपासा : आडवा किंचित जाणवला तर चालतो, पण पुढे-मागे हलता कामा नये आणि चाक हाउसिंगला घासता कामा नये. मूळ ओतीव मॅनिफोल्ड त्यालाच बसतो, त्यामुळे मॅनिफोल्ड बनवायचा खर्च गेला. 220 ला तो पुरतो.

एक गोष्ट मात्र करावीच लागेल. त्याचं आतलं वेस्टगेट छोटं आहे. 3 इंची मोकळा एक्झॉस्ट लावला की स्प्रिंग 0.4 बारची असूनही वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो. वेस्टगेटचं भोक मोठं करून घ्या, झडपही तेवढीच मोठी, आणि झडप पूर्ण उघडायला समोर जागा आहे ना ते बघा. पहाटेच्या थंड हवेत हा चढ जास्त दिसतो. डिसेंबरच्या पहाटे काढलेला लॉग म्हणूनच सर्वात कामाचा.

---

गोदाकाठ_15

पटलं. एचटी18 शोधतो. एक्झॉस्ट कोणत्या नळीचा?

---

टर्बाइन_ओझर

टर्बोपासून पहिला मीटरभर 304 स्टेनलेस, टीआयजी वेल्डिंग. मागे एमएस चालेल. सायलेन्सरमध्ये काचलोकर भरलेली असेल तर ती जळून उडते, म्हणून बॅफलवाला घ्या. आणि मध्ये एक वळणारी बेलोज जोडा, नाहीतर इंजिन हललं की मॅनिफोल्डचे स्टड तुटतात.

---

वायरिंग_सातपूर

ईसीयू. बजेटमध्ये दोनच पर्याय गंभीरपणे घ्यावेत : स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट 3. दोन्हींत रोटरीचं लीडिंग-ट्रेलिंग इग्निशन (प्रत्येक रोटरला दोन प्लग, पुढचा लीडिंग आणि मागचा ट्रेलिंग) हाताळता येतं. मूळ ईसीयूला पिगीबॅक जोडून इंधन-टायमिंग फसवायचा उद्योग स्वस्त दिसतो. सेन्सर 35 वर्षांपेक्षा जुने असताना त्यावर भरवसा ठेवणं महाग पडतं.

सेटिंग : 2 सिलिंडर, टू-स्ट्रोक, 1308 सीसी. कारण वर आलंच आहे. मूळ क्रँक अँगल सेन्सर 24 आणि 2 दातांचा आहे, चालतो, पण त्याच्या गिअरमध्ये खेळ असेल तर टायमिंग दोन-तीन अंश नाचतं. पुढच्या पुलीवर 36-1 ची चकती कापून घ्या आणि हॉल सेन्सर लावा. अंबडला लेझर कटिंग करून मिळेल. जाडी 4 मिमी, सेन्सरची फट 1 मिमी, चकतीचा डगमग 0.1 च्या आत.

लीडिंग प्लग वेस्टेड स्पार्कवर (प्रत्येक फेरीत एक जादा स्पार्क) चालतात, मूळचेही तसेच आहेत. ट्रेलिंग कधीही वेस्टेड ठेवू नका. लीडिंगचा जादा स्पार्क जळून फुगणाऱ्या कप्प्यात पडतो, तो निरुपद्रवी. ट्रेलिंग प्लग मागे आहे, त्याचा जादा स्पार्क मागून येणाऱ्या कप्प्यातल्या ताज्या मिश्रणात पडू शकतो. तिथेच अपेक्स सील संपला. ट्रेलिंगला दोन स्वतंत्र कॉइल द्या.

टायमिंग तपासणी : ईसीयूत टायमिंग लॉक करून लीडिंग टीडीसीनंतर (मिश्रण सर्वात दाबलेल्या क्षणानंतर) 5 अंश आणि ट्रेलिंग 20 अंश द्या. पुलीवरची पिवळी खूण लीडिंगला आणि लाल खूण ट्रेलिंगला पिनसमोर यायला हवी. लीडिंगच्या वायरवर लाइट धरली की तीच खूण समोरासमोर दोन ठिकाणी दिसते, वेस्टेड स्पार्कमुळे. घाबरू नका. हे केल्याशिवाय पुढचा कुठलाही मॅप (इंधन-टायमिंगचा तक्ता) निरर्थक आहे.

इंजेक्टर मीटरने मोजा. 2-3 ओहम आले तर प्रत्येकाला रेझिस्टर लागतो, 12-14 आले तर थेट जोडा. सिरीज 4 मध्ये दोन्ही प्रकार सापडतात. रेझिस्टर न लावता लो इम्पीडन्स जोडले की ईसीयूचे ड्रायव्हर जळतात.

---

पंपावरचा_हिशेब

इंधनाचं गणित. मूळचे चार इंजेक्टर, प्रत्येकी मिनिटाला 550 सीसीचे. 3 बारला मिळून 2200 सीसी प्रति मिनिट, 85 टक्के ड्यूटीला (वेळेच्या 85 टक्के उघडे) तासाला साधारण 83 किलो पेट्रोल. टर्बो रोटरी तासाला एका हॉर्सपॉवरमागे 300 ग्रॅम पिते असं धरा. म्हणजे 275 हॉर्सपॉवरच्या आसपास. ई20 ला सात-आठ टक्के जास्त द्यावं लागतं, तेव्हा उरतात 255. तुमच्या 220 ला मूळ इंजेक्टर पुरतात, बदलू नका. फक्त चारही साफ करून फ्लो मोजून घ्या. एक जरी 8 टक्के कमी देत असेल तर तोच रोटर आधी जातो.

काँटेसाची मूळ इंधनव्यवस्था कार्बोरेटरची, दाब किरकोळ. टाकीजवळ कमी दाबाचा पंप, बूटमध्ये दोन लिटरची सर्ज टँक, तिथून तासाला 255 लिटरवाला इन-टँक जातीचा पंप, रेल, रेग्युलेटर आणि 8 मिमीची परतीची नळी. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडलीच पाहिजे, नाहीतर 0.6 बार बूस्टला इंजेक्टरवरचा दाब तेवढाच घटतो. पंपाच्या नकला फार आहेत. 3.6 बारला मिनिटभर बादलीत सोडून मोजा, दोन लिटरपेक्षा कमी आलं तर परत करा.

ई20 चं आरओएन (ऑक्टेन) 95 आहे, आणि इथेनॉल बाष्पीभवनात चार्ज थंड करतं. नॉकच्या दृष्टीने जुन्या 91 च्या साध्या पेट्रोलपेक्षा ते बरंच. अडचण रबराची. काँटेसाच्या जुन्या नळ्या, डायफ्राम, टाकीचा आतला रंग, काहीही ठेवू नका. इथेनॉल चालणारी इंजेक्शनची नळी घ्या, साधी काळी नळी नको. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा किंवा पूर्ण रिकामी. अर्धी टाकी ओल खेचते आणि इथेनॉल-पाण्याचा थर तळाला बसतो, पंप नेमका तोच उचलतो.

ट्यून करताना 14.7 (साध्या पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण) विसरा, फक्त लॅम्डात बोला (1 म्हणजे नेमकं संतुलन, त्याखाली म्हणजे जादा इंधन). ई20 चं संतुलन साडेतेराच्या आसपास आहे. वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) पेट्रोलच्या पट्टीवर लावून "11" बघणाऱ्याला आणि लॅम्डा 0.75 बघणाऱ्याला एकच गोष्ट दिसते, पण दोन पट्ट्या मिसळल्या की घोळ.

---

ट्रोकॉइड

वरच्यात ऑइलची भर. सिरीज 4 चा ऑइल मीटरिंग पंप (सीलना तेल पुरवणारा) मेकॅनिकल आहे, थ्रॉटलच्या दांडीवर चालतो. त्यामुळे कोणताही ईसीयू लावला तरी तो काम करत राहतो. सिरीज 5 मध्ये तो इलेक्ट्रॉनिक झाला. बजेटवाल्याने सिरीज 4 घ्यावं याचं हे एक मोठं कारण. पंपाच्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या वयाने कडक होऊन हलवल्या की तुटतात, नव्या टाका.

पंप चालू असेल तरी पेट्रोलच्या दर लिटरला 5 मिली 2टी (टू-स्ट्रोक तेल) घाला. पंप काढला असेल तर 8 ते 10 मिली. 40 लिटरला 400 मिलीच्या पुढे जायची गरज नाही, जास्त तेलाने ऑक्टेन उतरतं. ई20 बरोबर तेल मिसळतंय का ते काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघा, सकाळी थर दिसला तर दुसरं 2टी घ्या.

---

पंपावरचा_हिशेब

इथे थोडा मतभेद. मेकॅनिकल पंपाची दांडी नीट लावलेली आणि ट्रॅकवर इंजिन ऑइल वारंवार बदललं जाणार असेल तर 5 मिलीची गरज नाही. त्या तेलाने वाइडबँडचा सेन्सर लवकर खराब होतो.

---

ट्रोकॉइड

सेन्सर बाजारात मिळतो, रोटर हाउसिंग मिळत नाही. एलएसयू 4.9 घ्या, टर्बोपासून पाऊण मीटर मागे, आतलं टोक खाली झुकलेलं ठेवा, आणि हंगामाला एक बदला.

---

कूलंट_द्वारका

रोटरी नॉकने मरते किंवा उष्णतेने. नॉकवर सगळे बोलतात, म्हणून दुसऱ्यावर लिहितो.

आपल्याकडे गाडी तापली की पहिला उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. 13बी मध्ये ते केलं की उलटं होतं. थर्मोस्टॅटच्या खालची चकती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट नसेल तर भोक कायम उघडं, गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतं. 82 अंशांचा, खालच्या चकतीसकटचा थर्मोस्टॅट हवा. दुसऱ्या गाडीचा त्याच व्यासाचा बसतो म्हणून बसवू नका.

रोटरीची साधारण एक तृतीयांश उष्णता तेल वाहून नेतं, कारण रोटर आतून तेलानेच थंड होतात. म्हणून ऑइल कूलर ही चैन नाही. एफसीचा मूळ कूलर मिळाला तर सोन्याहून पिवळं. नसेल तर 25 ते 30 ओळींचा, स्वतःच्या डक्टसकट. रेडिएटरच्या मागे लपवलेला कूलर निरुपयोगी. काँटेसाचं नाक रुंद आहे, तिथे इंटरकूलर, रेडिएटर आणि कूलर एकामागे एक न लावता ऑइल कूलर बाजूला काढता येतो. सगळ्या फटी फोम-पट्टीने बंद करा. हवा रेडिएटरच्या बाजूने पळून जाते, हे निम्म्या तापणाऱ्या गाड्यांचं कारण.

पंखा 92 ला चालू, 88 ला बंद. पाणी 100 ला ड्रायव्हरसमोर लाल दिवा, 105 ला थांबायचंच. तेल 110 पर्यंत ठीक, 120 ला थांबा. तेलाचा दाब गरम असताना 3000 ला 60 पीएसआयच्या आसपास. मूळ तापमानाचा काटा फसवा आहे, मधल्या पट्ट्यात तो हलतच नाही. वेगळा सेन्सर लावा.

पाणी भरताना पुढचं नाक जॅकने उचला, टोपी सर्वात उंच जागी आणा, बुडबुडे थांबेपर्यंत चालवा. नंतरही बाटलीत बुडबुडे येत राहिले आणि थंड स्टार्टला पांढरा धूर आला तर वॉटर सील गेलाय. ज्वलनवायू तपासायचं निळं द्रावण लावून खात्री करा, रंग पिवळा झाला तर इंजिन उघडायचं. लीक बंद करणारी पावडर टाकली तर रेडिएटर आणि कूलरही जातील.

---

गोदाकाठ_15

हे सगळं लिहून घेतोय. सुरुवातीचा मॅप कोणी देईल का? डायनो (ताकद मोजायचं यंत्र) मिळेपर्यंत इंजिन जिवंत राहील असा.

---

वायरिंग_सातपूर

मॅप म्हणजे फक्त सुरुवात, हे गृहीत धरून. दाब ॲब्सोल्यूट (निर्वातापासून मोजलेला) किलोपास्कलमध्ये, टायमिंग लीडिंगचं, टीडीसीआधी.

आयडल : टीडीसीनंतर 5, लॅम्डा 0.90. 50 किलोपास्कल, 3000 : 26 अंश, 0.95. 94 किलोपास्कल, म्हणजे नाशिकची बाहेरची हवा : 20 अंश, 0.85. 130 ला 14 अंश, 0.78. 155 ला 11 अंश, 0.75. बूस्टमध्ये ट्रेलिंग 15 अंश मागे, क्रूझमध्ये 10. 165 ला इंधन पूर्ण कट. फक्त स्पार्क कट नको, न जळलेलं पेट्रोल टर्बोत पेटतं.

वेस्टगेट गेजचा (बाहेरच्या हवेच्या वरचा) दाब सांभाळतं, ॲब्सोल्यूटचा नाही. इथे 0.6 बारला 154 येतात, समुद्रसपाटीच्या ट्रॅकवर त्याच स्प्रिंगवर 161. म्हणजे चेन्नईच्या ट्रॅकला गेलात तर मॅपच्या ज्या ओळी इथे कधी वापरल्याच नाहीत त्या उघडतील. 160 आणि 170 च्या ओळी आधीच भरून ठेवा, आणि मॅप सेन्सरवरच (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) ट्यून करा, थ्रॉटलच्या टक्केवारीवर नको. कटची मर्यादा तिथे 172 करावी लागेल.

सेकंडरी इंजेक्टर (चारपैकी दुसरी जोडी) 3500 ला किंवा 110 किलोपास्कलला चालू करा. चालू होताना मिश्रण क्षणभर पातळ पडतं, तिथे 5 टक्के जादा द्या आणि लॉग बघा.

---

टर्बाइन_ओझर

एवढीच भर : टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान मोजा. 950 च्या पुढे गेलं तर पाय काढा. माणसं नॉकच्या भीतीने टायमिंग खूप मागे नेतात, मग तापमान चढतं आणि टर्बो जातो. 155 किलोपास्कलला 8 अंशांच्या खाली उतरावंसं वाटत असेल तर बूस्ट कमी करा. नॉक ऐकून ट्यून करायची सवय पिस्टनवाल्यांची. इथे पहिलाच मोठा नॉक सील तोडतो आणि तुटलेला तुकडा जाताना टर्बाइनही घेऊन जातो.

प्लग चारही 9 नंबरचे, बीयूआर9ईक्यू. मूळची 7-9 जोडी रस्त्यावरच्या आयडलसाठी आहे.

---

नवशिका_पाथर्डी

अवांतर शंका. रोटरी ट्रेलरवरून उतरवायला सुरू केली, दहा फूट हलवली आणि बंद केली, की परत सुरू होत नाही म्हणतात. खरं का?

---

ट्रोकॉइड

खरं. थंड इंजिनात जादा पेट्रोल असतं, ते सीलवरचं तेल धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन पडतं. सुरू केली की 70 अंशांपर्यंत चालवा. तरी बुडलीच तर इंजेक्टरचा फ्यूज काढा, थ्रॉटल पूर्ण दाबा, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. नाही जमलं तर लीडिंग प्लग काढून कोरडे करा, प्रत्येक भोकात चमचाभर 2टी टाका, हाताने शाफ्ट दोन फेऱ्या फिरवा, प्लग लावा आणि फ्यूज बसवून सुरू करा. पाच मिनिटं निळा धूर निघेल. पेट्रोल पंपाला डॅशबोर्डवर एक वेगळं बटण दिलंत तर हे फार वेळा करावं लागणार नाही : बंद करण्याआधी 2000 ला धरून पंप तोडा आणि इंजिन आपोआप विझू द्या.

---

गोदाकाठ_15

बटण लूममध्ये धरलं. विक्रेत्याकडे व्हॉल्व काढलेला गेज, बॅटरी आणि मोबाइल स्टँड घेऊन जातोय. तिन्ही उड्यांचे आकडे इथेच टाकेन, मग सौदा करायचा की नाही ते सांगा.

---

ट्रोकॉइड

आकड्यांसोबत स्टार्टरचा आरपीएमही टाका. आणि निघण्याआधी पुढचा पुलीचा बोल्ट कोणी सोडलाय का ते विचारा. होय म्हणाला तर तिथेच डायल गेज लावून एंड प्ले बघा.